जुनी बोट, नवी कंपनी : ‘जलेश क्रूझेस’चा उदय आणि अस्त

‘जलेश क्रूझेस’ ही मुंबईला घरबंदर मानून सुरू झालेली क्रूझ कंपनी. एप्रिल २०१९मध्ये तिची पहिली सफर निघाली आणि ऑक्टोबर २०२०मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. मधल्या दीड वर्षात तिच्याकडे एकच बोट होती, ‘कर्णिका’. सुमारे २४५ मीटर लांबीची, १४ मजल्यांची आणि सत्तर हजार टनांवरची ही बोट भारतीय प्रवाशांसाठी मुंबईत ठेवलेल्या मोठ्या बोटींपैकी एक होती. मात्र ती नवी नव्हती. मुंबईत आली तेव्हा तिला २९ वर्षे होत आली होती, आणि ‘कर्णिका’ हे तिचे सहावे नाव होते.

बोटीची जन्मकथा इटलीतली आहे. ‘सितमार’ या कंपनीने मोनफाल्कोने येथील ‘फिंकांतिएरी’ गोदीकडे तिची मागणी नोंदवली. बांधणी पुरी होण्याआधीच, १९८८मध्ये, सितमार ब्रिटनच्या ‘पी अँड ओ’ने विकत घेतली आणि बोट १९९०मध्ये सेवेत आली ती ‘प्रिन्सेस क्रूझेस’च्या ताफ्यात, ‘क्राउन प्रिन्सेस’ या नावाने. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रामुळे जगभर नाव झालेले वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांनी तिच्या बाह्यरूपाची आखणी केली. पुढचा भाग डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोलसर, आणि त्याच्या माथ्यावर काचेचा रुंद घुमट. सरळ कडांच्या पांढऱ्या बोटींच्या रांगेत ही बोट दुरूनही ओळखू येई. पुढे नावे बदलली, रंग बदलले, पण तो घुमट शेवटपर्यंत राहिला.

१९९०पासूनची तिची वाट पाहिली की जुन्या क्रूझ बोटींचा बाजार कसा चालतो ते सहज कळते. उमेदीची वर्षे तिने अमेरिकन प्रवाशांसाठी काढली. २००२मध्ये ती जर्मन बाजारपेठेत गेली आणि ‘आरोझा ब्लू’ झाली, २००४मध्ये ‘आइडाब्लू’. २००७मध्ये ब्रिटिश प्रवाशांसाठी ‘ओशन व्हिलेज टू’, आणि २००९च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात ‘पॅसिफिक ज्युएल’. मोठ्या कंपन्या नव्या बोटी आणतात तेव्हा जुन्या बोटी कमी स्पर्धेच्या, नवख्या बाजारपेठांकडे सरकतात. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि शेवटी आशिया, अशी ती उतरण असते. २००३मध्ये पी अँड ओ प्रिन्सेस आणि अमेरिकेची ‘कार्निव्हल’ एकत्र आल्या; त्यामुळे २००३पासून या बोटीची सगळी नावे कार्निव्हल समूहाच्या घरातलीच होती. २०१८मध्ये ती विकायचे ठरले आणि घेणारी कंपनी निघाली एस्सेल समूहाच्या पाठबळावरची ‘झेन क्रूझेस’. जलेश हे तिच्या सेवेचे नाव, जलाचा ईश्वर या अर्थाचे. कंपनीची सूत्रे युर्गन बायलोम यांच्याकडे होती.

बोट जुनी का घ्यावी, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. जगातल्या मोठ्या क्रूझ बोटी बांधण्याचे काम युरोपातल्या मोजक्या गोद्यांच्या हाती एकवटले आहे. इटलीत फिंकांतिएरी, जर्मनीत आणि फिनलंडमध्ये मायर, फ्रान्समध्ये साँ-नझेर. त्यांच्याकडची रांग वर्षानुवर्षांची असते आणि मोठ्या बोटीची किंमत कोट्यवधी डॉलरांत जाते. ज्या बाजारपेठेत प्रवासी येतील की नाही हेच ठाऊक नाही, तिथे इतके भांडवल कोणी अडकवत नाही. तीस वर्षांची बोट त्या किमतीच्या लहानशा अंशात मिळते. रंगरंगोटी, नवे गालिचे, नवे स्वयंपाकघर केले की काही महिन्यांत तिकिटे विकता येतात. धंद्यात उतरण्याचा हा दरवाजा सर्वांत स्वस्त, म्हणूनच जगातल्या बहुतेक नव्या क्रूझ कंपन्या त्यातूनच आत आल्या आहेत.

खुद्द कार्निव्हलही तशीच आली. टेड अॅरिसन यांनी १९७२मध्ये कंपनी काढली ती १९६१च्या ‘एम्प्रेस ऑफ कॅनडा’ या जुन्या बोटीवर, तिला ‘मार्डी ग्रा’ असे नाव देऊन. पहिल्याच सफरीत ती मायामीच्या तोंडाशी वाळूच्या दांड्यावर रुतून बसली. तरी कंपनी टिकली. पुढेही तिने आणखी दोन जुन्या बोटी घेतल्या, त्यांवर पैसे कमावले आणि मगच स्वतःसाठी नवी बोट बांधवली. ती ‘ट्रॉपिकेल’ १९८२च्या सुरुवातीला धावू लागली. दहा वर्षे जुन्या बोटींवर काढून नव्या बोटीइतके बळ जमवणे, हे या धंद्यातले खरे यश आहे. ते फार थोड्यांना साधले. १९८५मध्ये निघालेली ‘रीजन्सी क्रूझेस’ जुन्या बोटींचाच ताफा वाढवत गेली आणि १९९५मध्ये बुडीत निघाली. तिची पहिली बोट ‘रीजंट सी’ म्हणजे १९५७ची स्वीडिश ‘ग्रिप्सहोल्म’. ती २००१मध्ये मोडीसाठी भारताकडे ओढून आणली जात असताना दक्षिण आफ्रिकेजवळ बुडाली. जुन्या बोटींच्याच बळावर चाललेली ‘प्रीमियर क्रूझेस’ २०००मध्ये बंद पडली.

मुंबईच्या किनाऱ्याला प्रवासी बोटींचे वावडे कधीच नव्हते. भाऊच्या धक्क्यावरून दाभोळ, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करत पणजीपर्यंत जाणाऱ्या बोटी कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी अनुभवल्या. मात्र त्या बोटी गावी जाण्यासाठी होत्या आणि पावसाळ्यात बंद असत. समुद्रावर मौज करायला जाणे ही कल्पना उशिरा आली. २००५मध्ये ‘स्टार क्रूझेस’ने १९८८ची ‘सुपरस्टार लिब्रा’ मुंबईत आणून ठेवली. डिसेंबर २०१६पासून इटलीच्या ‘कोस्टा’ने मुंबई–कोची–मालदीव अशा सफरी सुरू केल्या. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई–गोवा रात्रीची ‘आंग्रिया’ निघाली. कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याची आठवण देणारे हे नाव, पण बोट जपानमध्ये बांधलेली आणि आधी तिकडच्या समुद्रात राबलेली. जलेश या मालिकेतलाच पुढचा टप्पा. फरक इतकाच, की स्टार आणि कोस्टाच्या बोटी बाहेरच्या कंपन्यांच्या होत्या. इथे भारतीय भांडवलाने भारतीय प्रवाशासाठी भलीमोठी बोट आणली होती. त्यामागची उमेद खरी होती आणि तिची नोंद त्याच आदराने व्हायला हवी.

प्रवासी कोण, याचाही कंपनीने नीट विचार केला होता. परदेशी बोटींवर भारतीय कुटुंबांची सर्वांत मोठी अडचण जेवणाची. कर्णिकेवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय होती, करमणूक हिंदी गाण्यांची आणि भारतीय वळणाची होती. सफरी बहुतेक दोन-तीन रात्रींच्या. मुंबईहून गोवा, दीव, कोकणात गणपतीपुळे, तर कधी लांबची दुबईची वाट. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुटी टाकली की कुटुंब जाऊन येऊ शकेल, असा हिशेब होता. पुढे आणखी बोटी आणायचा बेतही कंपनीने जाहीर केला होता.

पण छोट्या सफरींचे अर्थकारण वरून दिसते तितके सोपे नसते. बोट धक्क्याला लागली की बंदराचे शुल्क, पायलट, टग, सामान चढवणे-उतरवणे, प्रवाशांची तपासणी, खोल्यांची सफाई हे सगळे नव्याने करावे लागते. सात रात्रींच्या सफरीत हा खर्च आठवड्यातून एकदा पडतो, दोन-तीन रात्रींच्या सफरीत दोनदा, तीनदा. शिवाय क्रूझ कंपनीचा नफा बराचसा तिकिटातून न येता बोटीवरच्या खर्चातून येतो. बार, कसिनो, स्पा, दुकाने, किनाऱ्यावरची सहल. कसिनो तर बोट किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे गेल्यावरच उघडता येतो. दोन रात्रींत माणूस बोट पाहीपर्यंत निम्मा वेळ संपतो. पैसे खर्च करायला त्याला फुरसत कमीच मिळते.

त्यात पावसाळा. जून ते ऑगस्ट पश्चिम किनाऱ्यावर क्रूझ चालत नाही. नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ वाहतात तेव्हा कुठे दर्या पुन्हा माणसाळू लागतो. म्हणजे मुंबईत ठेवलेल्या बोटीला वर्षातले फार तर आठ-नऊ महिने कमाईचे. बाकीचे दिवस ती दुसरीकडे न्यावी लागते किंवा दुरुस्तीला लावावी लागते. खलाशांचा पगार, विमा आणि कर्जाचे व्याज मात्र पावसाळ्यात थांबत नाही. दुसरीकडे न्यावी तर दुबईसारख्या ठिकाणी युरोपातल्या मोठ्या कंपन्यांच्या नव्याकोऱ्या बोटींशी गाठ पडते.

जुन्या बोटीचे आणखी एक दुखणे म्हणजे ती विकत घेताना स्वस्त आणि चालवताना महाग. १९९०च्या सुमाराची इंजिने आजच्या इंजिनांपेक्षा जास्त तेल खातात. सुटे भाग सहजी मिळत नाहीत. कधी कधी ते मुद्दाम बनवून घ्यावे लागतात. दर पाच वर्षांनी मोठी तपासणी होते आणि बोट जितकी जुनी तितके पत्रे, पाइप, केबल बदलण्याचे काम वाढत जाते. स्वतःची बाल्कनी असलेल्या खोल्यांनाच आज सर्वाधिक भाव मिळतो, आणि त्या काळच्या बोटींवर अशा खोल्या एकूण खोल्यांच्या मानाने कमी. १ जानेवारी २०२०पासून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा नवा नियम लागू झाला. जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. ज्यांच्या धुराड्यांना शुद्धीकरण यंत्रणा नाही त्यांना महाग तेल घेण्यावाचून पर्याय उरला नाही.

आणि जलेशचा पाया तर आधीच हलला होता. २५ जानेवारी २०१९ला, म्हणजे कर्णिका मुंबईत येण्याच्या काही आठवडे आधी, एस्सेल समूहाच्या ‘झी एंटरटेनमेंट’चा शेअर एका दिवसात चौथ्या हिश्शाने कोसळला. समूहाचे प्रमुख सुभाष चंद्र यांनी उघड पत्र लिहून कर्ज देणाऱ्यांची माफी मागितली. वर्षभर समूह मालमत्ता आणि हिस्से विकून कर्ज फेडत राहिला, आणि नोव्हेंबर २०१९मध्ये चंद्र यांनी झीचे अध्यक्षपद सोडले. क्रूझ कंपनीला पहिली दोन-तीन वर्षे तोटा सोसावा लागतो. जहाज भरायला, लोकांना सवय व्हायला तेवढा वेळ लागतोच. त्या काळात पाठीशी उभा राहणारा मालकच स्वतःच्या संकटात अडकला असेल, तर बोट कितीही देखणी असो, तिला आधार उरत नाही. जलेशच्या अपयशाचे सगळे खापर करोनाच्या साथीवर फोडले जाते. साथीने शेवटचा घाव घातला हे खरे. पण कंपनी त्याआधीच एका बोटीवर, एका हंगामावर आणि एका थकलेल्या मालकावर उभी होती.

फेब्रुवारी २०२०मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’वर करोनाची लागण झाली. बोटीवरच्या ३,७११ जणांपैकी ७१२ जण बाधित निघाले आणि जगभर क्रूझ या शब्दाचीच धास्ती बसली. मार्चमध्ये भारताने क्रूझ बोटींना बंदरे बंद केली, २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. विमान कंपनीने विमान उभे केले की ते उभे राहते. बोट तशी बंद करून ठेवता येत नाही. तिच्यावर जनित्रे चालू ठेवावी लागतात, आगीवर पहारा ठेवावा लागतो, सांडपाण्याची आणि हवेची यंत्रणा फिरती ठेवावी लागते आणि त्यासाठी किमान नेमलेले खलाशी बोटीवरच राहतात. नांगरलेली बोटही रोज तेल जाळते आणि रोज देणी वाढवते. दोन-चार डझन बोटींच्या कंपन्यांनी रोखे विकून, कर्ज काढून तो काळ रेटला. एका बोटीच्या कंपनीला कर्ज देणार कोण, आणि तारण तरी काय ठेवणार?

त्या उन्हाळ्यात सर्वांत जास्त हाल झाले ते बोटीवर काम करणाऱ्यांचे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा, वसई, मुंबईतल्या कित्येक घरांत एक तरी माणूस ‘शिपवर’ असतो. केबिन स्टुअर्ड, कुक, वेटर, इंजिनरूममधला ऑइलर. नऊ महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट, साइन ऑफ करून घरी यायचे, पुन्हा साइन ऑन. टाळेबंदीत हे चक्रच थांबले. मुंबईच्या समुद्रात आलेल्या ‘मरेला डिस्कव्हरी’ या परदेशी क्रूझ बोटीवरच्या भारतीय कर्मचाऱ्यांना एप्रिल २०२०मध्ये बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर उतरवून घेण्यात आले. ब्रिटनमध्ये ‘क्रूझ अँड मॅरिटाइम व्हॉयेजेस’ ही जुन्या बोटींवर चालणारी कंपनी २० जुलै २०२०ला बंद पडली. त्याआधी तिच्या बोटी ब्रिटिश अधिकाऱ्यांनी अडवून ठेवल्या होत्या आणि त्यांवर मोठ्या संख्येने भारतीय नाविक अडकले होते.

कंपनी पैसे देऊ शकत नाही असे झाले की सागरी कायदा सरळ बोटीलाच पकडतो. इथे बोट स्वतःच प्रतिवादी होते. भारतात २०१७चा नौकाधिकरण कायदा १ एप्रिल २०१८पासून लागू आहे आणि मुंबई उच्च न्यायालयाला हा अधिकार पूर्वापार आहे. तेल पुरवणारा, रसद देणारा, दुरुस्ती करणारा, बंदर, बँक किंवा पगार थकलेला खलाशी यांपैकी कोणीही दावा लावू शकतो. न्यायालयाने अटकेचा हुकूम दिला की तो बोटीवर लावला जातो आणि तिथून पुढे बोट हलवता येत नाही. देणी फिटली नाहीत तर बोट लिलावात निघते. रक्कम आली की सागरी धारणाधिकारांत पहिला मान खलाशांच्या पगाराचा असतो. या कायद्यातली ही तरतूद फार मोलाची आहे, कारण समुद्रात अडकलेल्या माणसाकडे दुसरे कोणतेही हत्यार नसते. कर्णिका याच वाटेने गेली. देणी थकली, बोट न्यायालयाच्या ताब्यात आली, ऑक्टोबरमध्ये कंपनीने काम थांबवले आणि बोट लिलावात निघाली.

तेव्हा जगात क्रूझ बोटींचे गिऱ्हाईकच नव्हते. उलट शेकडो बोटी नांगरून पडल्या होत्या. अशा वेळी जुन्या बोटीची किंमत ठरते ती तिच्यातल्या पोलादाच्या वजनावर. नोव्हेंबर २०२०मध्ये कर्णिका शेवटच्या प्रवासाला निघाली. मुंबई बंदरातून बाहेर पडून वसई–पालघरच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेला आणि खंबातच्या आखातात, भावनगर जिल्ह्यातल्या अलंगला.

अलंगला गोदी नाही, आहे तो उघडा किनारा. १९८३मध्ये तिथे जहाजे मोडायला सुरुवात झाली ती खंबातच्या आखातातल्या प्रचंड भरती-ओहोटीमुळे. उधाणाच्या भरतीला पाणी कित्येक मीटर चढते. त्या वेळी बोट आपल्याच इंजिनाच्या जोरावर पूर्ण वेगाने किनाऱ्यावर घालतात. ओहोटी लागली की ती चिखलात कोरडी उभी राहते. मग नाळेकडून गॅस कटरने कापत कापत मागे जायचे. तुकडे विंचने ओढून वर आणायचे. त्याआधी आतले सामान उतरते. गाद्या, खुर्च्या, आरसे, कपबश्या, स्वयंपाकघरातली स्टीलची टेबले, जीवरक्षक जॅकेट. अलंगच्या रस्त्याला दुतर्फा या सामानाची दुकाने लागलेली आहेत, आणि हॉटेलवाले तिथे मुद्दाम खरेदीला जातात.

त्या हिवाळ्यात आणि पुढच्या वर्षी अलंगला क्रूझ बोटींची रीघ लागली. क्रूझ अँड मॅरिटाइमची १९६५ची ‘मार्को पोलो’, १९८५ची ‘मॅजेलन’ आणि ‘कोलंबस’ या तिन्ही बोटी तिथेच मोडल्या. कर्णिकेची जुळी बहीण, १९९१ची ‘रीगल प्रिन्सेस’, मात्र वाचली. तीही ऑस्ट्रेलियातच होती, तीही २०२०मध्येच विकली गेली. पुढे ब्रिटनमधल्या एका नव्या कंपनीने तिला ‘अॅम्बियन्स’ नावाने पुन्हा समुद्रात आणले. एकाच आराखड्याच्या दोन बोटी, एकीचे पोलाद झाले आणि दुसरी प्रवासी नेत राहिली. म्हणजे दोष निव्वळ वयाचा नव्हता.

मुंबईतला प्रयोगही जलेशबरोबर संपला नाही. सप्टेंबर २०२१मध्ये ‘कॉर्डेलिया क्रूझेस’ सुरू झाली, आयआरसीटीसीच्या सोबतीने तिकिटे विकत. चालक कंपनी ‘वॉटरवेज लेझर टुरिझम’, आणि सूत्रे पुन्हा युर्गन बायलोम यांच्याकडेच. बोट ‘एम्प्रेस’, फ्रान्समधल्या साँ-नझेरला बांधलेली, मूळची ‘नॉर्डिक एम्प्रेस’. तिचेही जन्मसाल १९९०. पण ती कर्णिकेपेक्षा बरीच लहान आहे, ४८ हजार टनांच्या आसपास आणि २११ मीटर लांब. भरायला प्रवासी कमी लागतात, रिकाम्या खोल्यांचे ओझे कमी पडते. मुंबई, गोवा, लक्षद्वीप, कोची आणि पावसाळ्याच्या दिवसांत चेन्नईहून श्रीलंकेकडे, अशी हंगामाप्रमाणे जागा बदलण्याची रीत तिने बसवली. पूर्व किनाऱ्यावर त्या महिन्यांत दर्या तुलनेने शांत असतो. जलेशला जे साधायला वेळच मिळाला नाही, ते गणित इथे मांडले गेले.

मुंबईचे नवे आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल इंदिरा गोदीजवळ २०२५मध्ये खुले झाले. कर्णिका बंदरात होती तेव्हा ते बांधूनही झाले नव्हते. त्याच वर्षी कॉर्डेलियाने ‘नॉर्वेजियन स्काय’ आणि ‘नॉर्वेजियन सन’ या दोन बोटी आपल्याकडे येणार असल्याचे जाहीर केले. पहिली १९९९ची, दुसरी २००१ची. दोन्ही विकत न घेता भाड्याने घ्यायचे ठरले. म्हणजे बोट विकत घेण्याइतके भांडवल अडकणार नाही.